उपशमाचे ऋण

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागपूर सोडल्यानंतर सुमारे साठ किलोमीटरांवर ‘भंडारा रोड’ नावाचे स्थानक लागते. नावावरून नवख्या प्रवाशाची समजूत होते की आपण भंडाऱ्यास पोहोचलो. वस्तुतः तो उतरतो तो वरठी ह्या गावी, आणि भंडारा शहर तेथून आणखी काही अंतरावर राहते. ह्या वरठीत माझे घर आहे, आणि ह्याच स्थानकावरून मी अनेक वर्षे अध्यापनासाठी नागपुरास जात-येत आलो आहे. पाटीवर एक नाव आणि पायाखाली दुसरे गाव, हा प्रकार आम्हा वरठीकरांच्या अंगवळणी पडला आहे. परंतु मनुष्याच्या दुःखाचेही पुष्कळदा असेच असते. तो सांगतो एक दुःख आणि सोसतो दुसरेच. ही गोष्ट मला ह्याच स्थानकाच्या बाकावर, आणि तीही फार उशिरा, कळली. ती हकीकत वाचकांपुढे ठेवून तिच्यातून निघणाऱ्या एका नैतिक प्रश्नाचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमच्या गावातील एक तरुण माझा विद्यार्थी होता. बुद्धीने चांगला, स्वभावाने भिडस्त. लहानपणापासून त्यास सिकलसेलचा आजार होता. विदर्भातील वाचकांस ह्या आजाराचा परिचय करून देण्याचे कारण नाही. इतरांसाठी दोन शब्द लिहितो. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन म्हणून जे द्रव्य असते त्याच्या घडणीत एका सूक्ष्म घटकाच्या जागी दुसरा येतो, आणि तेवढ्या फरकाने गोल, लवचीक पेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्याचे सहकारी ह्यांनी हा रेणूचा रोग आहे असे दाखवून दिले. आईबाप दोघांकडूनही हा दोष आला म्हणजे मूल पीडित होते. भारतात ह्याची पहिली नोंद १९५२ साली नीलगिरीच्या परिसरात झाली, आणि त्याच दशकात तो नागपूरच्या बाजूसही आढळून आला. आज भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत ज्याच्या ओळखीत एकही सिकलसेलचा रोगी नाही असा मनुष्य विरळाच. ह्या विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि वेदना उठते. ती वेदना ज्यांनी पाहिली आहे त्यांस तिचे वर्णन नको असते, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांस वर्णनाने ती कळत नाही.

माझ्या विद्यार्थ्याचे दुर्दैव असे की वयाच्या विशीतच त्याच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडून ते झिजू लागले. आधी वेदना येई आणि जाई. आता ती मुक्कामासच आली. साधी वेदनाशामके ह्या रोगात मूत्रपिंडास धोक्याची असल्यामुळे ती फार दिवस देता येत नाहीत. म्हणून त्यास ट्रॅमाडॉलच्या गोळ्या व पुढे काही काळ त्याहून तीव्र औषध देण्यात आले. ही सर्व औषधे अफूच्या गोत्रातील. त्यांनी त्याची वेदना पुष्कळ कमी झाली. तो पुन्हा वर्गात येऊ लागला. आम्हा सर्वांस वाटले की आता ह्याचे ठीक चालले आहे.

एके दिवशी त्याची आई मला स्थानकावर भेटली. मुलगा जेवत नाही, ताटावर बसला की त्यास मळमळते, पोट फुगून राहते आणि चार-चार, सहा-सहा दिवस शौचास होत नाही, असे तिने अडखळत, इकडेतिकडे पाहात सांगितले. “मग डॉक्टरांस हे का सांगत नाही?” असे मी विचारले. ती म्हणाली, “डाक्टरले दुखनं सांगतो जी, हे कसं सांगावं?”

मी तिला दोन उपदेश केले. पहिला असा की रोज रात्री इसबगोल घ्यावे. दुसरा असा की अफूच्या औषधावर इतके विसंबून राहणे बरे नव्हे. मुलाने थोडी सहनशक्ती वाढवावी. दोन्ही उपदेश मी शुद्ध हेतूने केले, आणि ते दोन्ही चुकीचे होते.

ते चुकीचे का होते हे कळण्यासाठी ह्या औषधाचा पोटाशी काय संबंध आहे हे पाहिले पाहिजे. संबंध फार जुना आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात अहिफेनाचे म्हणजे अफूचे गुण सांगताना त्यास शोषण व ग्राही म्हटले आहे, आणि अतिसारावर अफूयुक्त औषधे देण्याचा प्रघात आपल्या वैद्यांत दीर्घकाळ होता. म्हणजे अफू आतडे थांबविते, ही गोष्ट तिचा दोष म्हणून नव्हे, तर गुण म्हणून आपणांस ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील सेर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फीन वेगळे काढले. तथापि ते शरीरात काय करते ह्याचा उलगडा होण्यास आणखी दीडशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९७३ साली मेंदूत अफूच्या रेणूस धरून ठेवणारी ग्राहके सापडली. आणि १९७५ साली अ‍ॅबर्डीन येथील ह्यूज व कोस्टरलिट्झ ह्यांनी शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये निर्माण करते असे दाखविले. कोस्टरलिट्झ हा अफूवर्गीय द्रव्यांची परीक्षा कशावर घेत असे? गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर. त्या तुकड्याचे आकुंचन जितके मंदावेल तितके ते द्रव्य प्रभावी. वेदनाशमनाच्या शास्त्राचा एक मोठा शोध अशा रीतीने आतड्याच्या साक्षीने लागला आहे.

आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे एक स्वतंत्र जाळे आहे. मेंदूची आज्ञा न विचारता ते अन्न पुढे ढकलण्याचे काम करीत असते. अफूच्या द्रव्यास धरणारी ग्राहके ह्या जाळ्यावरही आहेत. औषध पोटात गेले की वेदनेचा निरोप जसा मंदावतो तसाच हा ढकलण्याचा व्यापारही मंदावतो. जठर उशिरा रिकामे होते, म्हणून भूक मरते व मळमळ सुटते. आतड्यात पाझरणारे रस कमी होतात, मळ अधिक काळ आत राहून त्यातील पाणी शोषले जाते, आणि शेवटची द्वारे घट्ट मिटतात. आता इसबगोलाचे पाहा. ते पाणी शोषून फुगते व आतड्यास ढकलावयास काहीतरी देते. परंतु जे आतडे ढकलीतच नाही, त्याच्यापुढे आणखी ओझे ठेवून काय होणार? पाणी कमी पिणाऱ्या रोग्यास तर त्याने अपायच होतो. अशा वेळी आतड्यास चालना देणारी सोनामुखीसारखी किंवा आतड्यात पाणी धरून ठेवणारी औषधे वैद्याच्या सल्ल्याने द्यावी लागतात. माझा पहिला उपदेश असा फसला.

ह्यात आणखी एक मर्म आहे. मेंदूवर होणाऱ्या पुष्कळशा परिणामांस शरीर सरावते. पहिल्या दिवसांतील गुंगी उतरते, मळमळही बहुधा काही दिवसांनी कमी होते. आणि दुःखाची गोष्ट अशी की वेदनाशमनासही शरीर हळूहळू सरावत जाते, म्हणून कालांतराने अधिक मात्रा लागते. आतड्याचा अवरोध मात्र सरावाने जवळजवळ जात नाही. म्हणजे वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्याच्या वाट्यास लाभ कमी-कमी होत जातो आणि पोटाचे कष्ट तेवढेच राहतात, किंबहुना मात्रेबरोबर वाढतात. काही रोग्यांत तर ह्या औषधानेच पोटात एक नवी वेदना उत्पन्न होते, आणि ती शमविण्यासाठी तेच औषध वाढविले की तीही वाढते.

माझा दुसरा उपदेश अधिक महाग पडला. मुलाने तो मनावर घेतला आणि गोळ्या एकाएकी बंद केल्या. ज्या शरीरास अफूवर्गीय औषधाची सवय झाली आहे त्याच्यापासून ते एकदम काढून घेतले असता बांधलेले आतडे बांध फुटावा तसे सुटते. त्यास घाम, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले. शरीरातील पाणी कमी होणे हे सिकलसेलच्या रोग्यास वेदनेचे निमंत्रणच होय. तिसऱ्या दिवशी त्यास नागपुरास न्यावे लागले, आणि त्या वर्षीची त्याची परीक्षा बुडाली. मी भेटावयास गेलो तेव्हा तो मला म्हणाला, “सर, मी प्रयत्न केला.” ह्या चार शब्दांत तक्रारीचा लेशही नव्हता. म्हणूनच ते मला अद्याप विसरता येत नाहीत.

औषध पुन्हा सुरू झाले आणि अवरोधही पुन्हा सुरू झाला. काही महिन्यांनी त्याच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या. सिकलसेलमध्ये पोटातही वेदनेचा झटका येतो. म्हणून ज्या रुग्णालयात त्यास नेले तेथे ह्या कळा रोगाच्याच धरल्या गेल्या आणि त्यांवर अफूवर्गीय औषधाचीच सुई देण्यात आली. रोगाची वेदना आणि औषधाची वेदना एकाच पोटात शेजारी-शेजारी होत्या आणि दोघींचे बोलणे एकच होते. दुसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरबाईंनी नाडी पाहता पाहता सहज विचारले, “शौचास होऊन किती दिवस झाले?” तो म्हणाला, “नऊ.” दोन वर्षांत हा प्रश्न त्यास कोणी पहिल्यांदाच विचारला होता. पुढील उपचार साधा होता आणि दोन दिवसांत तो घरी आला.

येथे माझा प्रश्न उत्पन्न होतो. ह्या दोन वर्षांत दोष कोणाचा? रोग्याने सांगितले नाही, म्हणून त्याचा? की विचारले नाही, म्हणून इतरांचा?

प्रथमदर्शनी कोणी म्हणेल की ह्यात नैतिक प्रश्न कसला. हा हिशेबाचा प्रश्न आहे. बेन्थॅमने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सुखदुःखाच्या मोजमापाची सात परिमाणे सांगितली आहेत. त्यांतील एकास त्याने ‘शुद्धता’ म्हटले आहे: ज्या सुखाच्या पाठोपाठ दुःख येण्याचा संभव नाही ते शुद्ध. ह्या मापाने अफूवर्गीय औषधाचा उपशम अशुद्ध ठरतो. मग एका पारड्यात खुब्याची वेदना, दुसऱ्यात पोटाचे कष्ट घालावेत आणि जे हलके ते पत्करावे, म्हणजे झाले! परंतु ह्या तराजूत एक खोट आहे. हिशेब होण्यासाठी दोन्ही रकमा वहीत यावयास हव्यात. हाडाची वेदना वहीत येते; कारण ती सांगण्यास मनुष्यास संकोच वाटत नाही, उलट ती सोसल्याबद्दल त्याचे कौतुक होते. पोटाची व्यथा वहीत येतच नाही. आपल्या सुशिक्षित घरांत ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब ह्यांवर चहाबरोबर चर्चा चालतात. परंतु मलावरोधाचे नाव निघाले की तरुण मान खाली घालतात आणि सुना आत जातात. जे दुःख उच्चारण्याची सोय नाही ते जगाच्या जमाखर्चात नसतेच. ते केवळ सोसणाऱ्याच्या अंगावर निघते. तेव्हा हिशेबाच्या आधी नीती येते. कोणते दुःख मोजावयाचे, हे ठरविणे हाच पहिला नैतिक निर्णय होय.

दुसरा आक्षेप तितिक्षेचा. शीतोष्ण, सुखदुःखे येतात आणि जातात, ती धैर्याने सोसावी, ही शिकवण आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे, आणि तिची थोरवी मी अमान्य करीत नाही. परंतु तितिक्षा हे स्वतः आचरावयाचे व्रत आहे, दुसऱ्यास द्यावयाचे औषध नव्हे. ज्याच्या खुब्यात वेदना नाही त्याने ज्याच्या खुब्यात ती आहे त्यास सहनशीलतेचा उपदेश करणे म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने आपण पुण्यवान होणे होय. मी नेमके हेच केले होते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो व्यसनाचा. तो निराधार नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांनी निजून राहावे म्हणून त्यांस अफूची बाळगोळी देत, हा इतिहास फार जुना नव्हे. अमेरिकेत १९९६ पासून एका अफूवर्गीय गोळीचा प्रसार ती फारशी व्यसनकारक नाही अशा भरवशावर झाला, आणि त्याची किंमत त्या देशाने असंख्य प्राणांनी मोजली. आपल्याकडे भीतीने उलट टोक गाठले. १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यानंतर परवान्यांचे जाळे इतके गुंतागुंतीचे झाले की ज्या देशात नीमच-मंदसौरच्या बाजूस औषधासाठी अफू पिकते, त्याच देशातील कर्करोग्यांस मॉर्फीन मिळेनासे झाले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही अडचण काही अंशी दूर झाली. २०१८ साली ट्रॅमाडॉलही ह्या कायद्याच्या कक्षेत आले. नियंत्रण हवे ह्यात वाद नाही. परंतु ह्या सर्व भीतीचा एक परिणाम रोग्याच्या मनावर होतो, त्याकडे कोणाचे लक्ष नसते. तो औषध घेतो तो अपराध्यासारखा. शरीरास औषधाची सवय होणे निराळे आणि मनुष्य व्यसनी होणे निराळे, हा भेद घरच्यांस ठाऊक नसतो. अशा स्थितीत औषधाने पोट बिघडते असे तो म्हणाला तर उत्तर ठरलेले: “मग घेतोस कशाला?” ह्या उत्तराच्या धाकानेच तो गप्प बसतो. लाजेवर भीतीची आणखी एक कडी बसते.

ह्या सर्वांतून मला जो सिद्धांत दिसतो तो असा: जो दुसऱ्याचे दुःख दूर करतो तो त्या दुःखनिवारणाच्या परिणामांचाही ऋणी होतो. उपकार करून आपण मोकळे झालो असे आपण समजतो. खरे पाहता आपण तेव्हाच बांधले जातो. रोग हा निसर्गाने दिला, त्याचा जाब कोणास विचारता येत नाही. परंतु औषधाचा त्रास आपण दिला आहे. तो द्यावा लागला, तो देणे योग्यही होते. तरीही तो आपण दिला आहे. म्हणून तो सांगण्याचे ओझे रोग्यावर न टाकता, तो विचारण्याचे ओझे आपण उचलले पाहिजे. ‘आपण’ ह्या शब्दात मी केवळ डॉक्टरांस धरीत नाही. बाहेर पन्नास रोगी ताटकळत असताना एकास पाच मिनिटे देणेही ज्यास जड जाते, त्या ग्रामीण डॉक्टरास दोष देऊन आपली सुटका होणार नाही. गोळी आणून देणारा बाप, वेळेवर ती हातावर ठेवणारी पत्नी, धीर देणारा शिक्षक, हे सर्व त्या उपशमाचे भागीदार आणि म्हणून ऋणकोही आहेत.

आणि हे ऋण फेडणे अशक्य नाही. मुंबईस १९८६ साली स्थापन झालेल्या शांती अवेदना आश्रमासारख्या, असाध्य रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थांनी जे शास्त्र जोपासले त्यात अफूवर्गीय औषध सुरू करतानाच, त्रास होण्याची वाट न पाहता, सारकही सुरू करावे असा दंडक आहे. २००८ साली अमेरिकेत मेथिलनाल्ट्रेक्सोन नावाच्या औषधास मान्यता मिळाली. ते मेंदूत सहसा शिरत नाही. म्हणून ते आतड्यावरील अफूचा अंमल उतरविते आणि वेदनाशमन तसेच ठेवते. असल्या महाग औषधाची आमच्या खेड्यांत बहुधा गरजही पडणार नाही. परंतु त्यावरून एक गोष्ट सिद्ध होते: उपशम आणि ही व्यथा एकमेकांपासून अलग करता येतात. जे अलग करता येते त्यास नशीब म्हणणे हा आळस आहे.

संकोचाचे काय, असा प्रश्न राहतो. आमच्याच विदर्भात त्याचे एक उत्तर होऊन गेले आहे. १९३६ पासून सेवाग्रामास राहणारे गांधीजी आजाऱ्याची विचारपूस करताना त्याच्या शौचाची चौकशी, हवापाण्याची करावी तितक्या सहजतेने करीत. महारोगाने पीडित झालेल्या परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. पुष्कळांस ह्या चौकशीचे हसू येई. मलाही पूर्वी येत असे. आता वाटते की ज्यास दुसऱ्याच्या देहाची किळस वाटत नाही त्यासच त्याचे दुःख पुरते कळू शकते. बाकीचे आपण, शिष्टाचार सांभाळून, अर्धेच दुःख ऐकतो.

माझा विद्यार्थी आता पदवीधर झाला आहे. खुबा दुखतोच, औषधाची मात्रा डॉक्टरांनी हळूहळू उतरवीत आणली आहे, आणि त्याबरोबर सारकही आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघे भंडारा रोडच्या बाकावर गाडीची वाट पाहात होतो. मी त्यास म्हटले, “तेव्हा मी तुलाच नीट विचारले असते तर एवढे झाले नसते.” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग हसून म्हणाला, “सर, तुम्ही विचारलं असतं तर मी ‘काही नाही’ म्हणालो असतो. बाईंनी नाडी बघता बघता विचारलं, म्हणून सांगितलं.”

त्याचे म्हणणे खरे होते. मी विचारले असते तर तो एक प्रसंग झाला असता, आणि त्यास उत्तर देण्यासाठी धैर्य लागले असते. डॉक्टरबाईंनी तो प्रश्न नाडीइतका नित्याचा केला, म्हणून धैर्याची गरजच उरली नाही. पीडितास धैर्यवान होण्याची सक्ती न करणे हेही दयेचेच एक अंग आहे, आणि मला वाटते, ते सर्वांत कमी आचरले जाते. इतक्यात गाडी आली. तो कठड्यास धरून, एक पाय जरा जपून टाकीत, वर चढला.